पाच पायांचा घोडा

४ मार्च, सकाळी ६.४०
नवी वही. स्वतःच्या पैशाने घेतलेली, बिल आतल्या पानावर चिकटवलंय. ही फक्त माझ्यासाठी. पुढेमागे संग्रहालयाने मागितलीच, तर तेव्हा बघू.
संकल्प: सिगरेट रोज पाच. कॅलिग्राफी रोज शंभर अक्षरं. पाकीट कुणाचंही नाही, कधीच नाही.
प्रांतातून तपासणी पथक येणार, असं सर्क्युलर काल आलं. ऑफिसात सगळ्यांनी भारी घड्याळं काढून ठेवली. माझा ऑफिस-प्रमुख निएन, त्याच्या मनगटावर आता नुसता गोरा पट्टा उरलाय, आणि तो सारखा त्या पट्ट्यात किती वाजले ते बघतो. मी घड्याळ वापरतच नाही. यूनशी जिल्ह्याचा उपप्रमुख, बांधकाम खातं, बावीस वर्षं पार्टीत, आणि मनगट मोकळं. मला कसली भीती.

४ मार्च, दुपारी
बॉस फू आला. आपल्या नव्या पुलाचा कॉन्ट्रॅक्टर. आता हॉस्पिटलच्या वाढीव इमारतीचं टेंडर भरलंय. टेबलावरून पाकीट सरकवलं. मी निएनच्या देखत ते परत सरकवलं. म्हटलं, फू, मी पार्टीचा माणूस आहे. फूचे डोळे भरून आले. म्हणाला, साहेब, मग निदान भिंतीवर लावायला तुमच्या हातची चार अक्षरं तरी द्या. दिली. तर तो फुकट घेईना. कलाकाराचा अपमान माझ्याच्याने होणार नाही म्हणाला. तेच पाकीट पुन्हा सरकवलं.
आता मात्र घेतलं. तत्त्वाचा फरक आहे. आधी ती लाच होती.

५ मार्च
फू माझ्या अक्षरांचे आणखी तीन पट घेऊन गेला. माणसाला दृष्टी आहे.
त्यातला एक घोडा. जुन्या चिनी लिपीत घोड्याच्या अक्षराला खाली चार ठिपके, म्हणजे चार पाय. निएन बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, साहेब, पळतोय हो हा, कागद धरून ठेवा.
घरी बायकोला, लान्यिंगला, फोटो दाखवला. ती शाळेत गणित शिकवते. म्हणाली, पाच आहेत.
काय पाच?
पाय.
मोजले. पाचच होते. उद्या निएनला विचारतो.

६ मार्च
निएन म्हणाला, पाचवा पाय नाही साहेब, तो वेग आहे.
लान्यिंगला सांगितलं. ती म्हणाली, वर्गात एका पोराने दोन अधिक दोन पाच लिहिलंय, त्याला पण हेच सांगते.
गणितवाल्यांशी कलेवर बोलायचं नाही, हा नवा संकल्प.
सिगरेट: सात. त्यातल्या दोन फूने पेटवून दिल्या, त्या धरत नाही.

१४ मार्च
पार्टी ब्रँचची आत्मटीकेची मीटिंग. आधी स्वतःवर टीका करायची, मग शेजाऱ्यावर. या वेळी टीका झोंबणारी हवी, असं वरून आलंय.
निएन माझ्यावर तुटूनच पडला. म्हणाला, कॉम्रेड मियाओ, आज मी भीडभाड ठेवणार नाही. तुम्ही फाइलवर सहीसुद्धा इतकी सुंदर करता, की ती फाइल पुढे पाठवायला आमचा हात धजत नाही. जनतेची कामं तुंबतात. याला जबाबदार तुम्ही.
झोंबलं. पण मान्य केलं. मिनिट्समध्ये घ्यायला लावलं.
मी निएनवर टीका केली, की तो वेळेच्या बाबतीत फार काटेकोर आहे. त्याने लगेच बाही ओढून घेतली.

१५ मार्च
हॉस्पिटलचं टेंडर फूला. दर आठवड्याला पाकीट देऊन माझे पाच-सहा पट नेतो तो. त्याचा आकडा तिघांत सगळ्यात वर होता. पण ज्याला अक्षर कळतं तो सिमेंटमध्ये गडबड करणार नाही, हा माझा माणसं ओळखायचा निकष. आजवर चुकलेला नाही.

२६ मार्च
शतायू पुलाला, फूने बांधलेल्या त्या नव्या पुलाला, भेग गेली. ऑक्टोबरात उद्घाटन झालं होतं, मीच फीत कापली होती.
इंजिनिअर म्हणाला, मधला खांब बोटभर बसलाय, गाड्या बंद करा. मी विचारलं, पाटी? तो म्हणाला, कसली पाटी? मी म्हटलं, पुलाच्या नावाची, माझ्या हातची, दगडातली. तो जरा थांबून म्हणाला, पाटी ठणठणीत आहे साहेब.
जीव भांड्यात पडला.
आता गाड्या बंद. त्यामुळे पाटीखालून जाणारे कमी होणार, हे वाईट झालं.

५ एप्रिल
पूर्वजांच्या कबरी झाडायला गावी. पुलावर आडवा बांबू होता, पण माणसाने मला बघून वर केला. पायीच गेलो. मधोमध पाय जरा भरभर उचलले.
पलीकडे चिउ काकूंचं टोफूचं दुकान. दारावर माझी पाटी. माझी पहिली कलाकृती. सत्तावीस वर्षांपूर्वी मी इथे साधा क्लार्क होतो, तेव्हा काकूंनी फारच हट्ट धरला, माझ्या दुकानाला तुझंच अक्षर हवं म्हणून. मी फुकट लिहून दिली होती. धुराने काळी पडलीये, पण लांबून वाचता येते.
काकू आता सत्तरीच्या. मला बघून म्हणाल्या, या साहेब, तुमचा पूल बसलाय म्हणे. मी सकाळी चारपासून उभी आहे, मी नाही बसले, पूल कशाला बसला?
मी म्हटलं, टेक्निकल कारण आहे काकू.
असेल बाबा. सोयाबीनची गाडी अकरा किलोमीटर फिरून येते, ते पण टेक्निकलच. शाळेची पोरं डोंगराकडून चालत जातात. पाय मात्र टेक्निकल नाहीत, दुखतात.
विषय बदलावा म्हणून विचारलं, पाटी नवी लिहून देऊ का? आता हात खूप पुढे गेलाय. काकू म्हणाल्या, नको रे बाबा. ही वाचता येते. हॉस्पिटलवर तू लिहिलंयस ना, आमची सून तिथे बाळंतपणाला गेली तर बँक समजून पुढे निघून गेली.
नव्या शैलीला गावाकडे वेळ लागतो. पण पाटी सोडवेना, म्हणजे किती जीव आहे बघा. डोळ्यांत पाणी आलं. मिरचीच्या तेलाने असेल.

१९ एप्रिल
पथक आलं. सात जण. गेस्ट हाउसच्या मेसमध्ये स्वतःच ताटं विसळतात. निएन हे सांगताना पांढराफटक पडला होता.
त्यांची तपास-अधिकारी वेई, तिशीची असेल, थर्मासमधून नुसतं गरम पाणी पिते. गेटवरच्या माझ्या पाटीसमोर पूर्ण दोन मिनिटं उभी राहिली. मी खिडकीतून वेळ मोजला. निएनला म्हटलं, बघ, रसिक माणूस कुठेही ओळखू येतो. निएन म्हणाला, साहेब, तिने शिपायाला विचारलं हे कुठलं ऑफिस आहे.

२४ एप्रिल
पुन्हा आत्मटीका, या वेळी वेईसमोर. निएन उठला, म्हणाला, कॉम्रेड मियाओंच्या सहीमुळे कामं तुंबतात. तेच वाक्य. फक्त या वेळी 'सुंदर' हा शब्द नव्हता.
वेईने लिहून घेतलं.
सिगरेट: मोजल्या नाहीत. मोजण्याचा हट्ट हा पण एक दिखाऊपणाच.

३ मे
फूला उचललं.
मी शांत आहे. पुलाचं सिमेंट त्याने बघायचं होतं. माझ्याकडून त्याने फक्त कला घेतली.

५ मे
फूच्या गोडाउनची झडती झाली. माझे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पट सापडले. मला वाटलं होतं बंगल्यात लावले असतील, दिवाणखान्यात, दिव्याखाली. निएनकडून कळलं, सिमेंटच्या पोत्यांखाली अंथरले होते. ओल लागू नये म्हणून.
थोडा विचार केला. कुणी वाईट कागद अंथरणार नाही. कागद चांगला, शाई पक्की, म्हणूनच ना.
घोडा सगळ्यात खाली होता.

९ मे
हॉस्पिटलवरची पाटी उतरवली. वाचनालयाची पण. लोक बघत उभे होते. एका म्हातारीने मोठ्याने वाचलं, हॉ-स्पि-टल. नवी छापील लावली होती. अगदी सपाट. हाताचा स्पर्श नाही, काही नाही.
मीटिंगला निएन माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसला. मनगटावर पुन्हा घड्याळ. प्लास्टिकचं.

१२ मे
रविवार. लान्यिंगने जेवणात धुरावलेलं मांस केलं, म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे कळलं.
म्हणाली, महिनाअखेरपर्यंत पथकाकडे स्वतःहून जो जाईल त्याला सवलत आहे. नोटीस शाळेतसुद्धा लागलीये. तू जा, आणि एकच वाक्य सांग. ती लाच होती.
मी म्हटलं, ती फी होती.
ती म्हणाली, फूने पोत्यांखाली घातलेत रे ते.
मी म्हटलं, फूला अक्कल नसेल. म्हणून अक्षर वाईट ठरत नाही.
मग ती भातात चॉपस्टिक्स फिरवत बसली. म्हणाली, तुरुंगात दहा वर्षं आणि चार वर्षं, यात फरक आहे. मी गणित शिकवते, मला कळतो. चार वर्षांनी मी एकोणसाठ. दहा वर्षांनी पासष्ट. त्यातलं मला किती मिळणार ते सांग.
मी मांस वाढून घेतलं.
तिला कळत नाहीये. लाच होती म्हटलं, तर ती अक्षरं म्हणजे काय उरतं? बावीस वर्षं पहाटे उठून शंभर अक्षरं घोटली ती कशासाठी? लाचखोर म्हणा एक वेळ. पण वाईट कलाकार म्हणून कागदावर मी सही करणार नाही.

२० मे
उपाय सापडला. कायद्यातच आहे. पटाची बाजारातली किंमत आणि मला मिळालेले पैसे, यातला फरक म्हणजे लाच. किंमत तेवढीच निघाली तर फरक शून्य. लाच शून्य.
म्हणजे फक्त तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घ्यायचं. इतकं सोपं, आणि लान्यिंग दहा आणि चार करत बसलीये.
तिला सांगितलं. ती म्हणाली, आणि किंमत कमी निघाली तर?
मी हसलो.
ती नाही हसली.

३१ मे, सकाळी ९
आज शेवटची तारीख. स्वतःहून जातोय. लान्यिंगला वाटतंय कबुली द्यायला. कोट इस्त्री करून दिला, रांगेत उभी राहायला बरोबर येते म्हणाली. नको म्हटलं.
खिशात अर्ज आहे. वरची ओळ: 'माझ्या कलेचे तज्ज्ञांमार्फत मूल्यमापन व्हावे, ही मागणी.' विनंती लिहिलं होतं, खोडून मागणी केलं. अर्ज ब्रशने लिहिलाय. वेगात.

३१ मे, दुपारी
अर्ज वेईने उलटा धरला होता. मी सुलटा करून दिला. ती म्हणाली, वाचून दाखवता का. दाखवला.
ती म्हणाली, मियाओ साहेब, नीट विचार करा. आज तुम्ही स्वतःहून आलात. लाच होती एवढं म्हणालात, तर सवलत आहे. मूल्यमापन मागितलंत, तर ते जे म्हणेल ते.
मी म्हटलं, मागतो.
म्हणाली, घरी फोन करायचाय?
कशाला.
कॉम्रेड म्हणाली नाही ती. साहेब म्हणाली. घाईत विसरली असेल.

८ जून
पथकाने मला त्या दिवशी इथेच ठेवून घेतलं. खोली बरी. भिंतींना गादी लावलीये, डोकं आपटू नये म्हणून. माझं डोकं जागेवर आहे. बेल्ट घेतला, बुटांच्या नाड्या घेतल्या. सिगरेट: शून्य. संकल्प अखेर पूर्ण.
ही वही पण घेतली होती. आज वेईने परत दिली. म्हणाली, लिहीत राहा, आम्हाला उपयोग होतो. वाचक मिळाला. जरा समास सोडा म्हणाली, फाइलला भोक पाडताना अक्षरं जातात.
मग म्हणाली, वहीतलं अक्षर साधं आहे, चांगलं आहे. वाचता येतं. जबाबही असाच लिहा ना. जबाब मी माझ्या शैलीत लिहिले होते, अकरा पानं. सगळी परत आली.
मी म्हटलं, ही वही घाईघाईत लिहितो, ती कला नाही.
म्हणाली, म्हणूनच म्हणतेय.
तिशीची पोरगी. कळेल हळूहळू.

११ जुलै
मूल्यमापन. तिघं आले. कॅलिग्राफी संघटनेतला एक वृद्ध गृहस्थ, कॉलेजातली एक बाई, आणि किंमत ठरवणाऱ्या ऑफिसातला माणूस. त्याने टेप काढून आधी कागद मोजला. लांबी, रुंदी. पोत्यांचे डाग वेगळे मोजले.
म्हणाले, आमच्यासमोर एक लिहून दाखवा. सहा आठवड्यांनी हातात ब्रश. हात थरथरला. पण त्या थरथरीचा मी उपयोग करून घेतला. घोडा काढला.
बाईंनी खिडकीकडे बघितलं. वृद्ध गृहस्थ खाली वाकून बराच वेळ बघत होते. मग बोट ठेवून हळूच विचारलं, हा पाचवा कुठून आला?
मी म्हटलं, तो वेग आहे.
ते म्हणाले, असं तुम्हाला कोणी सांगितलं?
मी म्हटलं, आमच्या ऑफिस-प्रमुखाने.
त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काही बोलले नाहीत. मोठी माणसं कौतुक तोंडाने करत नाहीत.
लान्यिंगला निरोप पाठवायला सांगितला, की काम झालं. वेई म्हणाली, रिपोर्ट येऊ दे.

२ ऑगस्ट
रिपोर्ट आला. वेईने वाचला. तिचा आवाज सपाट आहे, त्या छापील पाट्यांसारखा.
क्रमांक एक ते त्रेचाळीस. हातकागद, कोरा असताना अठरा युआन. लिहिल्यानंतर रद्दीच्या भावाने. घोड्यापुढे शेरा: 'अक्षर चुकीचे.' फरक म्हणजे जवळजवळ सगळीच रक्कम. तेवढी लाच. स्वतः मूल्यमापन मागितल्यामुळे कबुलीची सवलत लागू नाही.
मी म्हटलं, त्या माणसाने टेपने मोजलं. टेपने कला मोजतात का?
वेई म्हणाली, टेपवाल्यानेच सगळ्यात जास्त किंमत धरली होती. तो वीस म्हणत होता.
लान्यिंगला कळवलंय का, विचारलं. हो म्हणाली. काही बोलली? वेई म्हणाली, नाही. विचारलं फक्त, भेट कधी मिळते, आणि तिथे हिवाळ्यात पांघरूण कसं असतं.
मग पान उलटलं. अजून एक आहे म्हणाली. क्रमांक चव्वेचाळीस. चिउ टोफू, दुकानाची पाटी. तुम्ही आयुष्यात लिहून जे जे घेतलंय ते सगळं यादीत घ्यावं लागतं, त्या काकूंचाही जबाब घेतला.
मी म्हटलं, ती फुकट होती. त्यांनी हट्ट धरला होता.
वेईने जबाब वाचला. 'कसला हट्ट. पोरगा दोन वाट्या टोफू खाऊन उभा राहिला, खिशात दमडी नाही. मी म्हटलं, क्लार्क आहेस ना, लिहिता येतं ना, मग पाटी लिहून दे आणि जा. नीट लिही म्हटलं, लोकांना वाचता आली पाहिजे. बसून लिहिली बिचाऱ्याने, जीभ बाहेर काढून. बाकी पाट्या काढल्यात म्हणता, ही कशाला काढू? याच पाटीवरून तर गिऱ्हाईक येतं.'
खाली तज्ज्ञांचा शेरा. अक्षरे स्पष्ट, दुकान सापडते. मिळालेला मोबदला: दोन वाट्या टोफू. पाटीची किंमत: दोन वाट्या टोफू. फरक: शून्य. लाच नाही.
मी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. तिने वाचली. तिसऱ्यांदा सांगितली, तर तिने कागदच माझ्याकडे फिरवला.
बघा, म्हटलं. एक तरी विकलं गेलंय.
हो, म्हणाली. इथे सही करा.
केली. माझी नेहमीची, शेपूट वर नेऊन शेवटी फटकारा. वेईने बघितलं, कागद लांब धरून बघितलं. म्हणाली, हे नाव कुठलंय ते कोर्टात कोणी वाचणार नाही. पुन्हा करा. वहीत लिहिता तशी, साधी.
साधी सही करणार नाही म्हटलं. चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस वेळा मी कलाकार होतो. दहा वर्षं करायची तर करतो, पण शेपूट कापणार नाही.
ती वाद घालत बसली नाही. ड्रॉवरमधून लाल शाईची डबी काढली. म्हणाली, मग अंगठा.
दिला. ताठ मानेने दिला, सोळा पानांवर.
शेवटचं पान तिने उजेडात धरलं. म्हणाली, हा मात्र सुरेख उमटलाय.